सी ड्राइव्हमधे २१० जीबी रिकामी, तरी श्रिंक फक्त ९ जीबी? उबंटूसाठी जागा कशी काढू?

राजवाडा_कट्टा
नमस्कार मंडळी, लॅपटॉपवर विंडोज ११ च्या शेजारी उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचंय, पुढच्या सेमला लिनक्सचं लॅब आहे. ५१२ जीबीची एसएसडी आहे, विंडोजमधे ४७५ दिसते आणि सगळी एकटी सीच, डी वगैरे काही नाही. त्यात २१० रिकामी. पण डिस्क मॅनेजमेंटमधे श्रिंक व्हॉल्यूम (ड्राइव्ह आकसून जागा मोकळी करणं) केलं की ९ जीबीच निघेल म्हणतंय. टेम्प फायली उडवल्या, रिसायकल बिन साफ केलं, आकडा ढिम्म हलत नाही. जेल रोडवर एका दुकानात विचारलं तर म्हणाले फॉरमॅट करून दोन ड्राइव्ह पाडून देतो, पण बाबांचं टॅलीचं सगळं काम ह्याच लॅपटॉपवर आहे, विंडोजला धक्का लागून चालणार नाही. काही उपाय?

मालवी_टक्स
फॉरमॅटची काही गरज नाही रे. श्रिंक ड्राइव्हच्या शेवटाकडून होतं, आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत न्यायला ठेवलेल्या प्रती), एमएफटी (ड्राइव्हवरच्या फायलींची यादी) ह्यांना विंडोज चालू असताना हलवत नाही. पंगतीत शेवटच्या पाटावर एक जण बसून राहिला की मधले पाट कितीही रिकामे असोत, पंगत आवरता येत नाही, तसं होऊन राहिलंय तुझं. टेम्प उडवून म्हणूनच फरक पडला नाही.

अंदाजाने सगळं बंद करत बसू नको, नेमकं कोण अडवतंय ते विंडोज स्वतः सांगतं. श्रिंकची खिडकी एकदा उघड, मग इव्हेंट व्ह्यूअरमधे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, तिथे २५९ नंबरचा इव्हेंट शोध. त्यात शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव असतं.

लोकमान्यनगरची_ताई
थांब, आधी दोन कामं. टॅलीचा डेटा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे, आणि कॉपी उघडते का ते बाबांना दुसऱ्या मशीनवर बघायला सांग, नुसती कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं धरू नको. दुसरं, सेटिंग्जमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघ, विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बरेचदा आपोआप चालू असतं. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव आणि इन्स्टॉलच्या आधी एन्क्रिप्शन बंद कर. नाहीतर बूटचं काही बदललं की विंडोज ती की मागतं, आणि बाबांना जीएसटी भरायचं असेल त्याच दिवशी मागेल.

राजवाडा_कट्टा
ताई बॅकअप झाला, काकांच्या पीसीवर उघडूनही बघितला. एन्क्रिप्शन चालू होतं, की लिहून घेतली, आता बंद होतंय. २५९ मधे पेजफाइल डॉट सिसचं नाव आहे. बंद करू का?

मालवी_टक्स
कर, तात्पुरती. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमधे व्हर्च्युअल मेमरीत नो पेजिंग फाइल. सोबत ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी स्पेस स्लॅश एच स्पेस ऑफ, म्हणजे हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातील. फास्ट स्टार्टअप तसंही घालवायचंच आहे, ते चालू असलं तर विंडोज नीट बंदच होत नाही आणि उबंटूमधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. रीस्टार्ट करून परत श्रिंक बघ.

राजवाडा_कट्टा
९ वरून ४१ झाला! आता २५९ मधे सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन येतंय.

मालवी_टक्स
ते रिस्टोअर पॉइंट. सिस्टिम प्रोटेक्शन बंद केलंस की जुने पॉइंट पुसले जातात हे लक्षात ठेव, पण बॅकअप आहे तर हरकत नाही. उबंटूला कमीत कमी २५ जीबी म्हणतात, लॅबचं सामान टाकणार तर ६० घे, म्हणजे चौकटीत ६१४४० लिही, तिथे एमबी लागतात.

राजवाडा_कट्टा
झालं!! ६० जीबी मोकळी, काळी पट्टी दिसतेय. ह्याचा ड्राइव्ह बनवू ना?

लोकमान्यनगरची_ताई
अजिबात नाही, तशीच अनअलोकेटेड (कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली) राहू दे, उबंटूचा इन्स्टॉलर तीच उचलेल. तिथे विंडोजच्या शेजारी टाकायचा पर्याय निवड, पूर्ण डिस्क पुसायचा नाही. आणि पेजफाइल, सिस्टिम प्रोटेक्शन आत्ताच परत चालू कर, नाहीतर राहून जाईल.

मालवी_टक्स
आणि इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमधे (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमधे) हात घालायच्या आधी इथे लिही. इंटेल आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असेल तर असं होतं, पण ती बदलून सरळ एएचसीआय (नेहमीची पद्धत) केलंस तर विंडोज उठणार नाही, त्याआधी सेफ मोड लावावा लागतो.