शब्दचर्चा: ‘आज्ञाधारक’ की ‘आज्ञांकित’?

सदरकर: आमच्या चर्चमधील वर्गासाठी एका इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर करीत आहे. ‘ओबीडियन्स’साठी मी ‘आज्ञाधारकपणा’ लिहिले होते. तपासणाऱ्या ज्येष्ठांनी ते खोडून ‘आज्ञांकितता’ केले आणि समासात शेरा मारला की पहिला शब्द रजेच्या अर्जाखाली शोभतो, देवापुढे नाही. जाणकारांचे मत काय?

धंतोलीकर: शेरा योग्यच आहे. ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ अशी सही करताना कोणी कधी आज्ञा धारण केली होती? शिवाय ‘आज्ञे’त ‘ज्ञा’ धातू आहे. जी कळली तीच आज्ञा.

महालकर: व्युत्पत्तीच लावायची तर ‘आज्ञांकित’ म्हणजे आज्ञेचा शिक्का बसलेला, आणि तो डाग दिलेल्या गुरावरही असतो. बायबलातील ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाचा १५वा अध्याय पाहावा. शत्रू अमालेकी लोकांचे काहीही राखू नये असे बजावलेले असताना शौल राजाने उत्तम मेंढरे आणि गुरे यज्ञाच्या निमित्ताने राखली, आणि संदेष्टा शमुवेल भेटताच आज्ञा पाळल्याचे सांगून तो मोकळा झाला. त्यावर शमुवेल विचारतो की मग मेंढरांचे हे ओरडणे माझ्या कानी कसे येते आणि गुरांचे हंबरणे मला कसे ऐकू येते? हे ‘ऐकू येणे’ आणि पुढे यज्ञापेक्षा श्रेष्ठ ठरवलेले ‘आज्ञा पाळणे’, दोन्हींसाठी हिब्रूत ‘शामा’ हा एकच धातू आहे. आपल्याकडे ‘पोट्टं आयकत नाही’ म्हटल्यावर पोराचे कान कोणी तपासत नाही. ‘ऐकणे’ घरात असताना संस्कृताच्या दारी कशाला जावे?

धंतोलीकर: शीर्षकात ‘ऐकणे’ छापले तर वाचक श्रवणभक्ती समजतील. बोली बोलीच्या जागी ठीक.

मोहननगरकर: मुळात बायबलाच्या हिब्रूत ‘दहा आज्ञा’ही नाहीत, ‘दहा वचने’ आहेत. सदरकर, आपल्या पुस्तिकेत शब्बाथाची (विश्रामदिनाची) आज्ञा कितवी आहे? आम्हां कॅथलिकांकडे ती तिसरी, कारण मूर्तींचा निषेध पहिलीतच येतो आणि लोभाच्या दोन आज्ञा होतात.

महालकर: प्रोटेस्टंट सुधारक लूथरची मोजणीही तीच आहे, त्यामुळे हा केवळ कॅथलिकांचा प्रघात म्हणता येणार नाही.

सदरकर: आमच्याकडे चौथी. परंतु मी क्रमांक विचारला नव्हता. तूर्त ‘आज्ञापालन’ घालतो.

धंतोलीकर: ते कृतीचे नाव झाले, वृत्तीचे नव्हे.

महालकर: बायबलातील फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञापालन करून स्वतःला लीन करतो. ती वृत्ती नव्हे काय?

मोहननगरकर: तेथे भर ‘लीन’ शब्दावर आहे.