सात मिनिटांची कारकीर्द? विजया मुळेंबद्दल जरा सविस्तर

ओसरी

काल 'रोखठोक' यांनी लिहिलंय: “सात मिनिटांच्या एका कार्टूनवर किती वर्षं आरत्या ओवाळणार? विजया मुळे या शिक्षण खात्यातल्या अधिकारी. एक फिल्म गाजली, बाकी सगळं सरकारी फायलीत. याला दिग्दर्शकाची कारकीर्द म्हणत नाहीत.”

रात्रभर डोक्यात घोळत होतं. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी त्या सात मिनिटांचंच घेऊ. 'एक अनेक और एकता', केंद्र सरकारची तेव्हाची फिल्म्स डिव्हिजन, १९७४. धाकटा भाऊ ताईला विचारतो, अनेक म्हणजे काय? ताई व्याख्या सांगत बसत नाही. सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक. मग फुलपाखरं, खारी, चिमण्या. त्याच चिमण्यांची गोष्ट होते: पारध्याचं जाळं, सगळ्यांनी एकदम जोर लावून जाळ्यासकट उडणं, उंदरांनी जाळं कुरतडणं. पंचतंत्रातलीच गोष्ट, आपल्याला पाठ असलेली. पण त्यानंतर काय येतं ते आठवा. मुलं विचारतात, म्हणजे त्या झाडावरचे आंबेसुद्धा काढता येतील? आणि एकमेकांच्या आधाराने काढतातही. देशाचं गाणं येतं ते या सगळ्यानंतर. आधी मोजणं, मग गोष्ट, मग पोरांच्या हाताला लागणारा आंबा, आणि शेवटी देश. हा क्रम ज्याने लावला त्याला लहान मूल कळलेलं आहे. आपल्याकडे देशभक्तीवर मुलांसाठी जे काही बनतं ते बहुतेक झेंड्यापासून सुरू होतं आणि झेंड्यावरच संपतं.

आता 'बाकी फायलीत'बद्दल. मुंबईत १९२१ चा जन्म, लग्नानंतर पाटणा, १९४६ मध्ये शिष्यवृत्तीवर लीड्स. तिथेच फिल्म सोसायटीची, म्हणजे चांगले सिनेमे एकत्र बघून त्यावर चर्चा करणाऱ्या मंडळाची, गोडी लागली. परत आल्यावर पाटण्यात आणि दिल्लीत फिल्म सोसायटीचं काम. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज उभी राहिली तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष आणि या संयुक्त सचिव. सेन्सॉरच्या नोकरीत कलकत्त्यात असताना हुगळीत उसळणाऱ्या भरतीच्या लाटेवर माहितीपट केला. आणि १९७५ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत दूरदर्शन नेण्याचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांची धुरा यांच्याकडे होती. सहा राज्यं, सुमारे २,४०० गावं, चार भाषा.

मुलांसाठी काम करणाऱ्या दिग्दर्शकाची कारकीर्द चित्रपटांची यादी मोजून ठरत नाही. असे कार्यक्रम होतील, पोचतील, कुणीतरी बघेल, ही सगळी व्यवस्था उभी करणं हाही त्या दिग्दर्शनाचाच भाग आहे. माझं एवढंच म्हणणं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

रोखठोक

नाव घेऊन धागा काढलात, आभार. माझं म्हणणं बदललेलं नाही.

तुम्ही दिलेली यादी नीट वाचा. संयुक्त सचिव, सेन्सॉर, धुरा. ही पदं आहेत. दिग्दर्शक त्याच्या कामावरून ओळखला जातो. हृषीकेश मुखर्जींबद्दल बोलताना आपण त्यांनी कोणत्या समित्यांवर काम केलं ते सांगत नाही.

आणि 'साइट'चं म्हणाल तर ते नेमकं एक वर्ष चाललं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. उपग्रह अमेरिकेचा, नासाचा एटीएस-६. वर्ष संपलं, त्यांनी परत घेतला. त्यानंतर मूल्यमापन झालं त्यात शाळेतली पटसंख्या किंवा हजेरी वाढली असं काही निघालं नाही. हे तुम्ही लिहिलं नाहीत.

सेल्युलॉइड

दोघांचंही बाजूला ठेवा. 'एक अनेक'च्या प्रत्येक चर्चेत ज्यांनी ती हाताने चितारली त्यांचं नाव शेवटी येतं किंवा येतच नाही. ओसरीताईंनी एवढा मोठा मजकूर लिहिला, त्यात अॅनिमेशन करणारे भीमसेन कुठे आहेत? संगीत वसंत देसाईंचं, गीत विनयचंद्र मौद्गल्यांचं, आणि तो आवाज साधना सरगमचा, त्या वेळी ती लहान मुलगी होती. वसंत देसाई पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये गेले.

मी या धंद्यात उमेदीची वर्षं घातली आहेत. सेल्युलॉइडच्या पारदर्शक शीटवर चित्र, मागून रंग भरायचे, एक सेकंदासाठी चोवीस फ्रेम. दोन-दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी सेकंदाला बारा. सात मिनिटांचं गणित करा. चिमण्यांचा थवा जाळ्यासकट वर जातो, त्यातली प्रत्येक चिमणी स्वतंत्र हलली पाहिजे, नाहीतर थवा कागदी दिसतो. ते ज्या माणसांनी केलं त्यांच्या पाठी आणि डोळे गेले. दिग्दर्शकाचं नाव मोठं करताना ही माणसं पुसली जातात याची मला चीड आहे.

ओसरी

सेल्युलॉइड, भीमसेन यांचं काम मोठं आहे. त्यांनीच पुढे १९७७ मध्ये 'घरौंदा' काढला. पण तुमच्याच न्यायाने मग कुठलाच दिग्दर्शक उरत नाही. मी जो क्रम सांगितला, मोजण्यापासून आंब्यापर्यंतचा, तो कुणी ठरवला?

सेल्युलॉइड

टेबलावर चार माणसं बसून ठरतं ते. तुम्ही कधी स्टोरीबोर्ड लावताना बघितलाय का?

ओसरी

नाही. पण त्या टेबलावर शिक्षणाचा अनुभव असलेलं माणूस कोण होतं, हे मला माहीत आहे.

सातपुडा

कुणी एक प्रश्न विचारणार आहे का? हे सगळं हिंदीत. 'साइट'च्या चार भाषा कुठल्या? हिंदी, कन्नड, तेलुगू, उडिया. राज्यं आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान. मराठी बाई धुरा सांभाळत होत्या, मग महाराष्ट्र कुठे आहे? मराठी पोराने 'अनेक' शिकायचं ते 'चिडियाँ'मधून. आम्ही नंदुरबारच्या धडगावकडची माणसं. घरात भिली, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. माझी धाकटी बहीण ते गाणं पाठ म्हणायची आणि त्यातल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

रानजाई

प्रत्येक ठिकाणी मराठी-हिंदी आणलंच पाहिजे का? फिल्म्स डिव्हिजन केंद्राची संस्था होती. 'साइट'साठी मागास भाग निवडले होते.

सातपुडा

म्हणजे आमचे अक्राणी, अक्कलकुवा तालुके १९७५ मध्ये पुढारलेले होते? पुण्या-मुंबईत बसून कोण मागास ते ठरवायचं आणि आम्ही विचारलं की 'भाषेचं आणलं' म्हणायचं. १९७२ पासून मुंबई दूरदर्शन केंद्रावर मुलांचं 'किलबिल' होतं, ठाऊक आहे. आमच्याकडे तेव्हा मुंबई केंद्र दिसतच नव्हतं. ज्यांना दिसत होतं त्यांच्या आठवणींनी हे सगळे धागे भरलेले असतात.

रानजाई

मी पुण्या-मुंबईची नाही. परभणीची आहे. आमच्याकडेही काही दिसत नव्हतं. तरी मी रडत बसले नाही.

सातपुडा

प्रश्न विचारणं म्हणजे रडणं असेल तर रडतो मी.

मास्तर निवृत्त

भांडण थांबवून जरा बालचित्रवाणीकडे या. 'साइट'मध्ये महाराष्ट्र नव्हता हे खरं. पण १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, आपला उपग्रह आला, आणि त्याच्या जोरावर राज्याराज्यांत शैक्षणिक दूरदर्शनच्या संस्था निघाल्या. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ ची. मुलांसाठी मराठीत, अभ्यासक्रमाला धरून. 'साइट'मधून जे शिकले त्यावर हे उभं राहिलं. सातपुडा, तुमची तक्रार दहा वर्षांनी का होईना ऐकली गेली होती.

ती पोचली का, हा वेगळा प्रश्न. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. टीव्हीचा संच आला. लाकडी दारांचा, कुलूपवाला. मुख्याध्यापकांनी तो आपल्या खोलीत ठेवला, वर विणलेला रुमाल घातला आणि किल्ली खिशात. कार्यक्रम असायचा शाळेच्या वेळात आणि वीज जायचीही त्याच वेळात. वीज असली तर पडद्यावर मुंग्या. मग कौलांवर एक पोरगा चढवायचा, अँटेना फिरवायला. “आली का सर?” “नाही रे, अजून डावीकडे.” चित्र स्थिर होईपर्यंत निम्मा कार्यक्रम झालेला. पण त्या उरलेल्या निम्म्यात जी पोरं दाटीवाटीने जमिनीवर बसायची, त्यांच्यात चुळबूळ नसायची. माझ्या तासाला एवढी शांतता कधी नव्हती. क्रिकेटच्या मॅचला मात्र ते कुलूप न मागता उघडायचं, हे सांगताना आजही राग येतो.

रोखठोक

मास्तर, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. यंत्रणा उभारली, यंत्रणा कुलपात गेली. मग कारकीर्द म्हणून उरलं काय? तीच सात मिनिटं.

मास्तर निवृत्त

नाही हो. कुलूप मुख्याध्यापकाने लावलं. कार्यक्रम करणाऱ्याने ते कसं उघडायचं?

रानजाई

बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद केली ना? पगार थकले, मग संस्थाच गुंडाळली. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी आवाज उठवला? 'एक चिडिया' सगळ्यांना पाठ, आणि मराठीतलं जे आपल्या पैशातून, आपल्या पोरांसाठी तीस वर्षं होत होतं त्याचं एक शीर्षक कुणाला आठवत नाही. सातपुडा, तुम्हाला आठवतं का?

सातपुडा

नाही आठवत. आणि त्याचं कारण हेच की आमच्या शाळेत संच आलाच नाही. तुम्ही परत तिथेच येताय.

पण बंद पडली याचा राग आहे, हे मान्य. दुर्गम भागातल्या पोरांना मराठीत काही मिळायची ती एक वाट होती आणि ती बुजवली. त्यांच्या जुन्या टेप्स आदिवासी आश्रमशाळांत पोचवता आल्या असत्या. कुणाला सुचलं नाही, किंवा सुचून करायचं नव्हतं.

सेल्युलॉइड

टेप्स म्हणाल तर त्या काळातल्या व्हिडिओ टेप्स दमट हवेत बुरशी धरतात, चुंबकीय थर सुटतो, एकदा सुटला की चित्र गेलं. फिल्म निदान नीट ठेवली तर टिकते. 'एक अनेक' आज बघायला मिळते कारण ती फिल्मवर होती आणि फिल्म्स डिव्हिजनने ती ठेवली. दूरदर्शनसाठी व्हिडिओवर काम करणाऱ्या कितीतरी दिग्दर्शकांचं आयुष्यभराचं काम दाखवायला आज काही शिल्लक नाही. 'रोखठोक' म्हणतात कामावरून ओळखा. काम पुसलं गेलं असेल तर कशावरून ओळखायचं?

रोखठोक

यात तथ्य आहे. पण मग न पाहिलेल्या कामाला थोर म्हणायचं का? हेही तेवढंच चूक.

ओसरी

न पाहिलेलं थोर म्हणत नाहीये. 'साइट'चं मूल्यमापन तुम्ही अर्धं वाचलंत. पट वाढला नाही, बरोबर. पट वाढत नाही कारण पोर गुरं राखायला जातं, ते टीव्ही बघून थांबत नाही. पण त्याच काळात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण उपग्रहावरून दिलं गेलं. हजारो शिक्षक, आणि ते काम विजयाबाई ज्याच्या प्रमुख होत्या त्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राचं. नुसतं बघा आणि घरी जा असं नव्हतं. सोबत रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोग. इस्रोने तर अभ्यासक गावांत मुक्कामाला ठेवले होते, लोक काय बघतात, काय समजतं ते टिपायला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी अँटेना लावून हे चाललं होतं. आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे, पण मुलाला काय समजलं हे त्याच्या गावात जाऊन राहून बघणारा एक तरी माणूस मला दाखवा.

मास्तर निवृत्त

शिक्षक प्रशिक्षणाचं मी नोकरीत ऐकलं होतं, शेजारच्या राज्यातल्या मास्तरांकडून. ते सांगायचे की पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, प्रयोगशाळा नसली तरी वाटी, पाणी आणि मेणबत्ती घेऊन शिकवा. माझ्या मते हाच त्या बाईंचा सर्वात मोठा माहितीपट, कॅमेऱ्याशिवाय केलेला.

रोखठोक

मास्तर, शब्द छान आहेत, पण कॅमेऱ्याशिवाय माहितीपट होत नाही. ते शिक्षणाचं काम होतं आणि चांगलं होतं. प्रशिक्षणाचं मान्य करतो, लिहून घ्या. त्यांना मोठी शिक्षणतज्ज्ञ म्हणा, मी पहिला सही करीन. दिग्दर्शक म्हणून हुगळीचा माहितीपट आणि 'एक अनेक' यांवरच बोलेन, आणि त्यातला हुगळीचा तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय?

ओसरी

मी पाहिलेला नाही. तुम्ही?

रोखठोक

नाही. म्हणूनच त्याला थोरही म्हणत नाही आणि टाकाऊही.

रानजाई

मग काल 'बाकी सगळं फायलीत' कशावरून लिहिलंत?

रोखठोक

तुमचा सूर बघून पुढे बोलण्यात अर्थ वाटत नाही.

सेल्युलॉइड

सूर राहू द्या. विषय दिग्दर्शकाचा चाललाय तर एक गोष्ट नोंदवतो. त्यांची मुलगी सुहासिनी मुळे, मृणाल सेनच्या 'भुवन शोम'मधली. सगळे तिला नटी म्हणून ओळखतात. तपन बोस यांच्याबरोबर भागलपूरच्या अंधकांडावर, म्हणजे पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले त्यावर, आणि भोपाळच्या वायुकांडावर तिने माहितीपट केले. माहितीपट केला की माणूस लोकांच्या नजरेआड जातो, हे एका घरात दोनदा झालं. त्यामुळे ओसरीताईंचा राग मला समजतो. भीमसेनबद्दलचा माझा राग मात्र तसाच आहे.

सातपुडा

आणि मराठीबद्दलचा माझा.

मास्तर, तुमच्या तालुक्यातल्या त्या संचाबरोबर बालचित्रवाणीची कार्यक्रमपत्रिका छापील यायची का? असेल तर एखादा कागद कुठे सापडतो का बघा. इकडच्या दोन आश्रमशाळांतल्या गुरुजींशी बोलतो. निदान काय काय दाखवलं जायचं त्याची यादी तरी व्हावी.

मास्तर निवृत्त

यायची. माळ्यावर एक पेटी आहे, उद्या काढतो. मिळालं तर फोटो टाकतो, नाही मिळालं तरी तसं सांगतो.