आसना (Asana, कामांची नोंद ठेवायचं ऑनलाइन अ‍ॅप) मधला लाइव्ह डेटा आपल्या वेब अ‍ॅपमध्ये कसा आणावा? सल्ला पाहिजे

वाळूजवाला: नमस्कार मंडळी, वाळूज एमआयडीसीत एका टूलरूमचं काम बघायलोय, डाय-मोल्डचे सगळे जॉब आसनावर टाकलेत, डिझाईन, वायरकट (तारेनं धातू कापणं), व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), फिटिंग असे सेक्शन. मालकाला शॉपवर एक टीव्ही अन् ऑफिसात दोन स्क्रीन पाहिजेत, कोणता जॉब कुठं अडकलाय ते बसल्या जागी दिसलं पाहिजे, सारखं सुपरवायझरच्या मागं लागायला नको. रिअ‍ॅक्टमध्ये पान बनवलंय, ते ब्राउझरमधूनच दर पाच सेकंदाला आसनाच्या एपीआयला (प्रोग्रामला डेटा मागायची सोय) विचारतंय, पण मधूनच ४२९ (रिक्वेस्ट फार झाल्या असा एरर) यायलंय अन् स्क्रीन जागेवर थांबतीय. प्लॅन फ्री आहे, प्रोजेक्ट पाच. वेबहूक (बदल झाला की आसनाच आपल्या सर्व्हरला कळवतं) लावू का? खर्च वाढला तर मालक फोडून काढतील 😅

लातूरचा_पोरगा: हिशोब करा की दादा. फ्री प्लॅनला मिनिटाला १५० रिक्वेस्ट. पाच सेकंदाला एक म्हणजे मिनिटाला १२, गुणिले पाच प्रोजेक्ट, गुणिले तीन स्क्रीन, झाले १८०. ४२९ येणारच. त्याच्यासोबत रिट्राय-आफ्टर हेडर येतो, तितके सेकंद गप बसायचं. पण त्याच्या आधी आसनाच्या एपीआयसाठी लागणारं ते टोकन (पासवर्डसारखी किल्ली) ब्राउझरमधून काढा हो! एफ१२ दाबलं की कुणालाही दिसतंय, अन् पर्सनल टोकन असेल तर तुमच्या अकाउंटला जे जमतं ते सगळं त्याला जमतं.

नांदेड_बॅकएंड: वेबहूकच लावा. फक्त एक, आसनाचं वेबहूक म्हणजे मिस्ड कॉल, अमुक टास्कमध्ये अमुक गोष्ट बदलली एवढंच कळतं, टास्कची पूर्ण माहिती तुम्ही परत फोन लावून विचारायची. वेबहूक बनवताना पहिल्या रिक्वेस्टमध्ये एक्स-हुक-सीक्रेट हेडर येतो, तोच्या तो उत्तरात परत पाठवायचा, नाहीतर वेबहूक तयारच होत नाही. पुढं दर वेळी आसनानं जोडलेली सही तपासायची, ती पण कच्च्या बॉडीवर (मजकूर जसा आला तसा), एक्सप्रेसनं (नोडची सर्व्हर लायब्ररी) जेसन पार्स करून परत स्ट्रिंग केली की सही जुळत नाही अन् लोकं डोकं धरून बसतात.

जालना_जुगाड: नांदेडकरांचं बरोबर आहे पण इथं गरज काय? मोल्ड व्हीएमसीवर दोन-दोन दिवस बसून असतो, पाच सेकंदात काय बदलणारे? वेबहूकला बाहेरून पोचणारी एचटीटीपीएस यूआरएल लागते, शॉपच्या ब्रॉडबँडवर कुठं आणता. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर एक नोड प्रोसेस (जावास्क्रिप्टमधला सर्व्हर प्रोग्राम) चालू ठेवा, टोकन तिथंच. मिनिटाला एकदा प्रत्येक प्रोजेक्टचे टास्क मॉडिफाइड-सिन्स (अमुक वेळेनंतर बदललेलेच) लावून मागायचे, म्हणजे पाच रिक्वेस्ट फक्त (पानं जास्त झाली तर थोड्या वाढतील), ते एसक्यूलाइटमध्ये (छोटा डेटाबेस) टाकायचे अन् तिन्ही स्क्रीन तुमच्याच पीसीला विचारतील. ऑप्ट-फील्ड्समध्ये (कोणती माहिती हवी ते सांगायची यादी) ड्यू डेट, सेक्शन मागायला विसरू नका, नाहीतर नुसतं नाव अन् आयडी येतो.

नांदेड_बॅकएंड: चालतंय, पण डिलीट झालेलं टास्क त्याच्यात येत नाही, जुना जॉब स्क्रीनवर लटकत राहील. रात्री एकदा सगळी यादी नव्यानं ओढा. लाइट गेल्यावर पीसी परत चालू झाला की तेव्हा पण.

वाळूजवाला: हे पटलं, वेबहूक राहू द्या. स्क्रीनवर आपोआप बदलायला वेबसॉकेट (दोन्ही बाजूंनी बोलता येणारी उघडी लाइन) का?

लातूरचा_पोरगा: डेटा एकाच बाजूनं जायलाय, एसएसई (सर्व्हरकडून ब्राउझरला एकतर्फी अपडेट) बास. लाइन तुटली तर ब्राउझर स्वतःच परत जोडतो, वेबसॉकेटला ते तुम्हाला लिहावं लागतं. आणि कोपऱ्यात शेवटचं अपडेट किती वाजताचं ते ठळक दाखवा, नेट गेलं असलं तर फिटर शिळंच बघून जॉब उचलतील.

वाळूजवाला: हाव, टाकतो. फिटिंगची बारीक कामं सबटास्कमध्ये आहेत, ती पण येतील ना?

जालना_जुगाड: नाही येणार. सबटास्क बदललं म्हणून मूळ टास्क बदललं असं आसना धरत नाही. चालू जॉबचेच सबटास्क वेगळे मागा, पाच मिनिटाला एकदा, तेवढ्यानं लिमिटला काही होत नाही.