अशोक रॉय यांचं विमान समुद्रात पडलं, त्यांना अजून तुरुंगात कशाला डांबताय?

शंकासुर :
डिसेंबर उजाडला की ७१ च्या युद्धावरचा तो फॉरवर्ड ठरलेला. "पाकिस्तानचे ९३,००० युद्धकैदी सोडले, पण आपले बेपत्ता ५४ आणता आले नाहीत. ते आजही पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडलेत." काल इथेही कुणीतरी चिकटवला आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. अहो, त्या ५४ जणांची यादी तरी वाचा! त्यात लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आहेत. नौदलाचं आलिझे, १० डिसेंबर १९७१. आदल्या रात्री आपली युद्धनौका खुकरी बुडालेली. आलिझे म्हणजे पाणबुड्या हुडकायला बांधलेलं, पंख्याचं संथ विमान, त्याला इजेक्शन सीटही नाही. त्याला गाठलं पाकिस्तानच्या लढाऊ एफ-१०४ ने, ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्याने. खाली समुद्र. रॉय आणि त्यांचे दोन सहकारी लढता लढता गेले, असं सरळ म्हणायला काय हरकत आहे? त्यांना कोठडीत बसवून आपण नक्की कुणाचा मान राखतो?

घाटावरचा :
तुम्ही तळाशी बुडी मारून बघून आलात वाटतं? मृतदेह मिळाले नाहीत, मग खात्री कसली? आणि एका आलिझेवरून सगळी यादी मोडीत काढायची ही जुनी खोड आहे. वायुदलाचे वैमानिक विजय तांबे यांचं काय? त्यांचं सुखोई-७ पाकिस्तानात शोरकोटला पडलं आणि पाकिस्तानी वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांत 'टोंबे' छापून आलं. मेजर घोष यांचा कोठडीतला फोटो टाइम साप्ताहिकात आला. मेजर सुरींच्या वडिलांना कराचीहून पत्रं आली. हे सगळे पण समुद्रात पडले का?

शंकासुर :
मी रॉय यांच्याबद्दल बोलतोय, तुम्ही तांब्यांबद्दल. बरं, तांबे घ्या. पकडलेले दिलीप परुळकर आणि आपले इतर वैमानिक रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत एकत्र होते. १३ ऑगस्ट १९७२ ला परुळकर दोघांना घेऊन भिंत फोडून पळाले आणि अफगाण सीमेपाशी लंडी कोतलजवळ पकडले गेले. त्या छावणीत तांबे नव्हते.

घाटावरचा :
छावणीत नव्हते म्हणजे जगातच नव्हते? कमाल आहे.

रेवती_मावशी :
तुमचं चालू द्या. माझ्या थोरल्या काकूचं सांगते. काका ६५ मध्ये बेपत्ता. वायुदलात नव्हते, पायदळात होते. तार आली, पुढे काही नाही. काकूने मंगळसूत्र उतरवलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरोघर जायची. करंडा हातात घेतलेली बाई तिच्यापाशी आली की बोट कुंकवात बुडवून तशीच थांबायची, लावू की नको. मग काकूच कपाळ पुढे करायची. आणि पेन्शनच्या कार्यालयातला बाबू म्हणे, "मृत्यूचा दाखला आणा." दाखला आणायचा तर नवरा मेला म्हणून स्वतः सही करायची. ती करेना. सासऱ्यांनी शेत विकलं, पण तिच्याकडून सही घेतली नाही. यादीत नाव ठेवायचं की काढायचं हे तुम्ही दोघे ठरवणार? वा!

वकीलसाहेब :
मावशी, तेव्हाचा पुरावा कायदा, कलम १०८. सात वर्षं खबरबात नसेल तर मृत्यू गृहीत धरता यायचा. दाखल्यासाठी अडवणं हा निव्वळ बाबूंचा आळस.

रेवती_मावशी :
सात वर्षं पोरांना कलम १०८ खायला घालायचं होतं का?

जुना_लाइनमन :
मावशींना +१. बेपत्ताच्या घरी एकाही साहेबाने पुन्हा पाय ठेवला नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. लाइनवर, म्हणजे विमानतळावर विमानं लावतात तिथे, आम्ही उभे असायचो. विमानं गेली की इंधनाचा हिशेब मनात चालूच. इतकी मिनिटं झाली, आता ते येणार नाही, हे कळायचं. तरी वैमानिकाची शिडी जागेवरून हलवायची नाही. ज्यांनी हे केलं नाही त्यांनी 'सरळ म्हणा' वगैरे शिकवू नये.

वकीलसाहेब :
मग सरकारला विचारा. २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सांगितलं, कुटुंबीयांना निवृत्तीचे लाभ द्या आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयात जा. सरकार कुठे गेलं? सर्वोच्च न्यायालयात, त्या आदेशाविरुद्ध!

घाटावरचा :
बघा! सिमला करारात ९३,००० फुकट दिले ते हेच सरकारी डोकं.

शंकासुर :
आलं ९३,००० परत. सिमल्यात, जुलै ७२ ला, एकही कैदी दिला नाही. पाकिस्तानी सैन्याची शरणागती भारत-बांगलादेशच्या संयुक्त कमांडपुढे होती, त्यातल्या १९५ जणांवर ढाक्याला युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. परतपाठवणी ७३ च्या सप्टेंबरपासून एप्रिल ७४ पर्यंत चालली. आणि त्यात नागरिकही होते, सगळे सैनिक नव्हते. आपले सहाशेवर तर १ डिसेंबर ७२ लाच वाघ्यावरून आले.

घाटावरचा :
म्हणजे आपले सहाशे आल्यानंतरही वर्षभर हजारो कैदी आपल्या ताब्यात होते, आणि तेव्हाही कुणी "बाकीचे कुठे?" म्हणून अडून बसलं नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, धन्यवाद.

शंकासुर :
हा मुद्दा बिनतोड आहे, बोचला तरी. पण ७९ मध्ये लोकसभेत ४० नावं ठेवली, तिथून आकडा ५४ पर्यंत गेला. प्रत्येक नावापुढे कोणता पुरावा, कधीचा, हे एकदाही मांडलेलं नाही. फोटो, पत्र, छापील नाव असणारे आणि समुद्रात पडलेलं आलिझे एकाच रकान्यात. पाकिस्तानला "सगळंच खोटं" म्हणायला याहून सोपं काय? २००७ ला नातेवाईक तुरुंग पाहायला गेले, तेही रिकाम्या हाताने आले.

घाटावरचा :
दाखवले ते तुरुंग पाहिले. लष्करी कोठड्यांच्या किल्ल्या कुणी दिल्या नाहीत.

रेवती_मावशी :
शंकासुर, वेगळा रकाना करा, माझी हरकत नाही. पण आधी रॉय यांच्या घरच्यांना विचारा. फॉरवर्डवाल्यांनी विचारलं नाही, तुम्हीही विचारलेलं नाही.

शंकासुर :
बरं मावशी, घरच्यांची परवानगी मिळेपर्यंत रॉय यांच्यावर गप्प बसतो. पण हाच नियम फॉरवर्डवाल्यांनाही लावा. आणि घाटावरचे, सिमल्यावर वेगळा धागा काढा, तिकडे येतो.