एस अँड पी मधले पुअर नक्की काय करायचे?

रुळप्रेमी:
एस अँड पी, म्हणजे स्टँडर्ड अँड पुअर्स ही बाँडना रेटिंग देणारी कंपनी, तिच्यातला पी म्हणजे हेन्री व्हार्नम पुअर हे माहितीये. पण कुठे त्यांना फायनान्शियल अॅनालिस्ट म्हणतात तर कुठे रेल्वेचे इतिहासकार. दोन्ही कसं काय? कोणी वाचलं असेल तर सांगा ना.

जमाखर्च:
अहो ती दोन कामं नव्हतीच. माणूस अमेरिकेतल्या मेन राज्यातला, जन्म १८१२, पेशाने वकील, भाऊ जॉन रेल्वे उभारायच्या मागे लागलेला त्यामुळे हेही त्यात ओढले गेले आणि १८४९ ला अमेरिकन रेलरोड जर्नलचे संपादक झाले. तेव्हा लंडनमधले लोक अमेरिकेतल्या लाइनींचे बाँड (म्हणजे कर्जरोखे) घ्यायचे, पण लाइन किती मैल झाली, खर्च किती, डोक्यावर कर्ज किती, कशाचा धड पत्ता नाही. १८५४ ला तर न्यूयॉर्क अँड न्यू हेवन रेल्वेच्या प्रेसिडेंटनेच, रॉबर्ट स्कायलरने, जवळपास २० लाख डॉलरचे बोगस शेअर विकले! म्हणून पुअर एकेका कंपनीची सुरुवातीपासूनची माहिती गोळा करत बसले, १८६० ला त्याचंच पुस्तक आलं, रेल्वे आणि कालव्यांचा इतिहास. लाइन कशी उभी राहिली ते कळल्याशिवाय तिचे बाँड घ्यायचे का नाही हे ठरणार कसं?

सिग्नल_डाउन:
+१. पण खरी कमाल १८६८ चं मॅन्युअल, म्हणजे रेल्वे कंपन्यांच्या माहितीचं पुस्तक, मुलाला सोबत घेऊन काढलेलं. दरवर्षी नवीन. एकेका कंपनीखाली लाइनची लांबी, इंजिनं किती, डबे किती, उत्पन्न, खर्च, शेअर भांडवल, कर्ज, खाली डायरेक्टरांची नावं. आणि हे त्याच वर्षी जेव्हा ईरी रेल्वेच्या ताब्यावरून बडे धनिक व्हँडरबिल्ट एकीकडे आणि ड्रू, गूल्ड, फिस्क दुसरीकडे अशी जुंपली होती आणि नवे शेअर धडाधड छापले जात होते. अशा वेळी बाहेरच्या माणसाच्या हातात हिशेब देणं ही फार मोठी गोष्ट आहे, मला तरी त्यांच्याबद्दल प्रचंड आदर वाटतो.

रुळप्रेमी:
वा, मस्त माहिती! म्हणजे बाँड किती भरवशाचा ते सांगणारं एएए, बीबी वगैरे रेटिंग त्यांनीच सुरू केलं का?

जमाखर्च:
नाही नाही. रेल्वे बाँडना अशी अक्षरं द्यायला १९०९ ला जॉन मूडींनी सुरुवात केली, पुअर तर १९०५ लाच गेले. त्यांच्या कंपनीने रेटिंग १९१६ ला सुरू केलं आणि स्टँडर्ड स्टॅटिस्टिक्स या दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण होऊन एस अँड पी झाली १९४१ ला. पुअर आकडे समोर ठेवायचे, बाँड घ्यायचा का नाही ते वाचणाऱ्याने ठरवायचं.