नवऱ्याला शिडाच्या बोटीनं लांबची बेटं फिरायचीत, आम्ही दोघंच. कुणाला अनुभव आहे का?

भडंगवाली_सांगली
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. मिस्टर साखर कारखान्यात मेकॅनिकलला होते, यंदा रिटायर झाले, मुलगी बेंगलोरला, म्हणजे आता घरात आम्ही दोघं आणि यांचा मोबाईल. त्यात परदेशी नवरा-बायकोचे व्हिडिओ बघत बसतात दिवसभर, घर विकलं, सेकंडहँड बोट घेतली आणि चालले पॅसिफिकमधल्या बेटांवर, निळंशार पाणी, आणि ती बाई डेकवर पाय पसरून नारळपाणी पितीय. आता यांच्या डोक्यात तुआमोतू नावाची बेटं बसलीत, ताहितीच्या अलीकडं कुठंतरी आहेत म्हणे. मी म्हटलं आपला पाण्याशी संबंध म्हणजे कृष्णामाई, आणि ती पण दारात येऊ नये म्हणून पावसाळाभर हात जोडायचे. हे म्हणतात मी हरिपूरला संगमावर पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलोय, मला काय सांगतीस.
मी नाही म्हणत नाहीये हां, मला पण हौस आहे. पण त्या व्हिडिओत ती बाई नारळपाणी पिऊन झाल्यावर काय करते ते कुणी दाखवत नाही. मला नेमकं काय काय यायला पाहिजे? का मी नुसतं स्वयंपाक करायचा आणि हे बोट चालवणार? खरं खरं सांगा.

दर्यावर्दी_कोरेगाव
ताई नमस्कार, मी सातारा जिल्ह्यातला, मर्चंट नेव्हीत डेकवर आहे, सध्या सुट्टीवर. शिडाच्या बोटीवर थोडंफार केलंय पण तुम्हाला दुसऱ्या बाजूनं सांगतो, म्हणजे आमच्या जहाजावरनं तुमची बोट कशी दिसते ते. बऱ्याचदा दिसतच नाही. फायबरची छोटी बोट रडारवर नीट उमटत नाही, लाटा उंच असल्या की पडद्यावर लाटांच्याच ठिपक्यांची खरखर असते, तिच्यात हरवून जाते, आणि आमचं मोठं जहाज थांबवायचं म्हटलं तर मैल-दोन मैल पुढं जाऊनच थांबतं. क्षितिजावर दिसल्यापासून तुमच्याजवळ यायला आम्हाला पंधरा-वीस मिनिटं लागतात फक्त. म्हणून बोटीवर चोवीस तास कुणीतरी जागं पाहिजे. दोघंच असाल तर रात्री तीन तास हे, तीन तास तुम्ही.
आता हिशोब करा. पनामाच्या बाजूनं गेलात तर गालापागोसपासून मार्केसास बेटांपर्यंत साधारण ३००० नॉटिकल मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. चाळीस फुटी बोट दिवसाला १२०-१४० मैल जाते, वारा चांगला असला तर. तीन आठवडे सरळ, मध्ये काही नाही, आणि तुआमोतू त्याच्याही पुढं. त्या तीन आठवड्यात मिस्टर झोपलेले असताना बोटीच्या कॅप्टन तुम्हीच असणार. शीड लहान करणं, ऑटोपायलट बिघडला तर हातात सुकाणू धरणं, एआयएसवर (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) जहाज जवळ आलं की रेडिओवर बोलणं, हे सगळं त्यांना न उठवता जमलं पाहिजे. स्वयंपाक तर काय, दोघांतला जो जागा तो करतो.
आणि पोहण्याचं म्हणाल तर साहेबांना सांगा भोपळ्याचा काही उपयोग नाही. सहा नॉटनं चाललेली बोट सेकंदाला तीन मीटर पुढं जाते. माणूस पडला आणि दुसऱ्याला कळायला एक मिनिट लागलं तर तो १८० मीटर मागं राहिला, आणि लाटांमध्ये नुसतं डोकं एवढ्या लांबनं दिसत नाही. दुसरा खाली झोपलेला असेल तर विषयच संपला. त्यामुळं नियम एकच, रात्री किंवा एकटं असताना डेकवर पाय ठेवायचा तर अंगात हार्नेस आणि त्याचा पट्टा बोटीला अडकवलेला. त्याच्यानंतरचा प्रश्न, पडलंच कुणी तर वर कसं काढायचं. पंचाहत्तर-ऐंशी किलोचा भिजलेला माणूस तुम्ही हातानं ओढू शकणार नाही, शिडाची दोरी आणि विंच (दोरी ओढायची हँडलवाली चरखी) लावून वर घ्यावा लागतो, ते शांत पाण्यात प्रॅक्टिस करून ठेवा. साहेब दोरीला लटकतील, तुम्ही हँडल फिरवा.

तापोळा_एक्सप्रेस
वहिनी त्यांना तापोळ्याला घेऊन या की, शिवसागर आहे, बेटं पण आहेत, संध्याकाळी बामणोलीत गरम गरम पिठलं-भाकरी. व्हिसा लागत नाही 😄

माहुलीची_लेक
तापोळा भाऊ 😂 पण खरं सांगू का, सुरुवात तशीच करावी. आधी आपल्याला वाऱ्यावर चालायला आवडतंय का हे तरी कळू दे, मग लाखाच्या गोष्टी.
भडंगवाली ताई, मी मूळची साताऱ्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळं बरीच वर्षं बाहेर. याच्या ऑफिसातल्या एका न्यूझीलंडच्या जोडप्याची बोट आहे, त्यांच्याबरोबर आम्ही तुआमोतूत राहिलोय, म्हणून जरा लांब लिहिते.
ही बेटं म्हणजे डोंगर-बिंगर काही नाही. पोवळ्याची कडा, गोल, मध्ये तळं, आणि समुद्राच्या वर जमीन जेमतेम दोन-तीन मीटर. लांबनं आधी नारळाचे शेंडे दिसतात, पाण्यातनं उगवल्यासारखे, जमीन नंतर. जुन्या खलाशांनी त्याला धोक्याचा द्वीपसमूह असंच नाव ठेवलं होतं. आत तळ्यात जायला कडेला एखादीच फट असते, पास म्हणतात, काही बेटांना तर तीही नाही. बाहेरच्या लाटा कडेवरनं आत पाणी ढकलत राहतात आणि ते सगळं पाणी त्या एकाच फटीतनं बाहेर पडतं. आता बोटीचं इंजिन सहा नॉट पळणार आणि समोरनं सहा नॉटचा प्रवाह, म्हणजे इंजिन बोंबलतंय आणि बोट जागच्या जागी. म्हणून ओहोटी-भरतीच्या मधली शांत वेळ गाठून आत जायचं, आणि दक्षिणेकडनं मोठ्या लाटा येत असतील तर ती वेळ पुस्तकातल्या वेळेला येतच नाही, पाणी बाहेरच वाहत राहतं. मग बाहेर तासन् तास घिरट्या घालायच्या. पासच्या तोंडाशी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली तर ती रात्र बाहेर समुद्रात काढायची, आत जायचा मोह करायचा नाही.
आत गेल्यावर बाईचं खरं काम सुरू. पाण्यात जागोजाग पोवळ्याचे खांब असतात, थेट पृष्ठभागापर्यंत आलेले, आणि नकाशात ते सगळे नसतात. ऊन डोक्यावर किंवा पाठीमागं असताना, पोलराइज्ड गॉगल घालून कुणीतरी बोटीच्या पुढच्या टोकावर उभं राहायचं आणि पाण्याचा रंग बघून सांगायचं, गडद निळं चालेल, हिरवट असलं तर हळू, तपकिरी दिसलं की वळवा. ढग आला की काही दिसत नाही, थांबायचं. हे काम मी केलंय आणि मला सगळ्यात जास्त तेच आवडलं.
नांगर टाकायचा तो वाळूत, पोवळ्यावर नाही, ते मरतं. पण साखळी लांब असते, वारा फिरला की बोट फिरते आणि साखळी खांबांना वेटोळे घालून बसते, मग निघता येत नाही. त्याला तिथली युक्ती बघण्यासारखी आहे. साखळीला थोड्या थोड्या अंतरावर मोत्यांच्या शेतीतले जुने प्लास्टिकचे गोळे बांधत जायचं, म्हणजे नांगर तळाला आणि साखळी मधल्या पाण्यात तरंगती, खांबांच्या वरनं. डेकवर गुडघे टेकून एकेक गोळा अडकवत बसायचं आणि निघताना एकेक सोडवायचा. हात सोलून निघतात पण झोप लागते.
आणि एक फुकटचा सल्ला. नांगर टाकताना जवळपास प्रत्येक बोटीवर नवरा मागं सुकाणूवर आणि बायको पुढं त्या जड नांगराशी झुंजतीय, आणि मग तो तिथनं ओरडतोय. उलटं करा. ताकदीचं काम त्यांना द्या, सुकाणू आणि इंजिन तुम्ही घ्या. आणि हाताच्या खुणा ठरवून ठेवा, पुढं, मागं, डावीकडं, थांब. वाऱ्यात शब्द ऐकू येत नाहीत, नुसता सूर ऐकू येतो, आणि सूर वाईटच असतो.

पासपोर्ट_मिरज
सगळे बोटीचं बोलतायत, व्हिसाचं कोण बोलणार. तुआमोतू म्हणजे फ्रेंच पॉलिनेशिया. आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा लागतो आणि नुसता शेंगेन चालत नाही, त्यावर पॉलिनेशियाचा उल्लेख असलेला वेगळा काढावा लागतो. युरोपियन लोक सहज जातात म्हणून व्हिडिओत ती कटकट दिसत नाही. फिजी, वानुआतू इथं थोड्या दिवसांसाठी आपल्याला आधी व्हिसा लागत नाही. पण हे नियम बदलत राहतात आणि स्वतःच्या बोटीनं येणाऱ्याला विमानवाल्यापेक्षा जास्त कागद लागतात, निघायच्या आधी त्या त्या देशाला मेल टाकून लेखी घ्या. शिवाय दक्षिण पॅसिफिकात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा सिझन, त्या काळात कुठं राहणार ते आधी ठरलेलं पाहिजे. इन्शुरन्सवाले तेच पहिलं विचारतात, आणि दोघांनीच महासागर ओलांडायचा म्हटलं तर अनुभवाचे पुरावे मागतात, कधी तिसरा माणूस घ्या म्हणतात.

भडंगवाली_सांगली
बापरे. हे सगळं यांना वाचून दाखवलं, पासच्या प्रवाहाचं ऐकून गप्प झाले आणि मग म्हणाले इंजिन मोठं घेऊ. म्हणजे सुधारणा नाही.
पण मला एक पटलं, नुसतं बरोबर जायचं नसतं. मला शिकायचंय. कुठं शिकू, वय ५६ आहे, चालेल ना? आणि खाण्याचं पण सांगा, हे मासे खातात, मी नाही.

दर्यावर्दी_कोरेगाव
वय बिलकुल आडवं येत नाही. दोघंच म्हणता तर आपल्या नेव्हीच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी बघा, ऑक्टोबर २०२४ ला तारिणी ही शिडाची बोट घेऊन गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या, दोघीच. ती ५६ फुटी बोट गोव्यातच दिवारला बांधलेली. पण त्याच्या आधी दोघींनी मॉरिशसपर्यंत जोडीनं ये-जा केली, मग हे. तेवढी तयारी धरा.
मुंबईला, गोव्याला शिकवतात, पावसाळा सोडून. आरवायए या ब्रिटिश संस्थेचा कॉम्पिटंट क्रू हा कोर्स पाच दिवस बोटीवर राहून असतो, त्याच्या पुढचा डे स्किपर. एक अट घाला, दोघांनी वेगवेगळ्या बॅचला जायचं. एकत्र गेलात की हे सुकाणू धरणार आणि तुम्ही फोटो काढणार. कोर्स झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत थायलंडला फुकेतच्या बाजूला स्किपरसकट (म्हणजे बोटीच्या कप्तानासकट) बोट आठवडाभर भाड्यानं घ्या, तेव्हा अंदमान समुद्र त्या बाजूला शांत असतो. ऑस्ट्रेलियात व्हिटसंडेला ७४ बेटं आहेत, तिथं लायसन्स नसलं तरी माहिती देऊन बोट देतात, आधी थोडं येत असलं पाहिजे अर्थात. विकत घ्यायचं नाव दोन वर्षं काढू नका. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी डागडुजीला जातात असं सगळे धरून चालतात आणि ते कमीच पडतात. साहेब मेकॅनिकलचे आहेत ही मात्र लाख मोलाची गोष्ट, तिकडं डिझेल इंजिनचा इंपेलर (थंड करायचं पाणी खेचणारं रबरी चक्र) बदलायला गॅरेज नसतं.

माहुलीची_लेक
खाण्याचं मी सांगते. तुमच्यासारख्या शाकाहारी माणसाचं उलट सोपं आहे. प्रेशर कुकर न्या, झाकण लॉक असल्यामुळं बोट कितीही कलली तरी आमटी सांडत नाही, आणि गॅस वाचतो. मटकी, मूग भरपूर घ्या, तिकडच्या उष्णतेत मोड एका रात्रीत येतात, तीन आठवड्यांनंतर ताजं म्हणून तेवढंच उरतं. कोबी, कांदा, बटाटा, भोपळा जाळीत टांगून ठेवले की टिकतात. (भोपळ्याचा उपयोग झाला बघा शेवटी.) पुठ्ठ्याची खोकी बोटीवर घ्यायची नाहीत, त्यात झुरळांची अंडी येतात, सगळं धक्क्यावरच काढून डब्यात भरायचं. तासगावचा बेदाणा किलोनं घ्या, रात्रीच्या पहाऱ्याला हाताशी बरा. भडंगाला दमट हवा चालत नाही, घट्ट डबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वातड. आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला पोचायच्या आत कडधान्यं संपवा, तिथं बियाणं, मध, ताजं काही असलं की जप्त करतात.
मिस्टरांना मात्र बजावून ठेवा. पोवळ्याजवळचे मासे दिसले की पकडायचे नाहीत. सिग्वाटेरा म्हणून विषबाधा होते, शिजवून तळून जात नाही, माशाला वास नाही चव नाही. मोठे बाराकुडा, मोठे ग्रुपर यांच्यात जास्त. झाली तर गार पाणी हाताला चटका बसल्यासारखं लागतं, आणि महिना महिना त्रास राहतो. एका बेटावर चालणारा मासा शेजारच्या बेटावर चालत नाही, म्हणून गावातल्याच माणसाला दाखवून विचारायचं. खोल समुद्रात गळाला लागलेला टुना खुशाल खा. नारळ पण विचारल्याशिवाय पाडायचा नाही हां, ओसाड वाटलं तरी प्रत्येक झाड कुणाचं तरी आहे, खोबरं वाळवून विकणं हा तिथला धंदा.

भडंगवाली_सांगली
खूप आभार सगळ्यांचे. कोर्सचं ठरलं, ऑक्टोबरनंतर मी आधी आणि हे नंतर. यांना सांगितलं तर म्हणाले तू आधी का, मी म्हटलं कोरेगावच्या साहेबांनी सांगितलंय 😀 एक शेवटचं, मला महाबळेश्वरच्या घाटात एसटीत सुद्धा उलटी होते. बोटीचं कसं?

दर्यावर्दी_कोरेगाव
मी आधी असं कुठं म्हटलं, वेगवेगळ्या बॅचला म्हटलं होतं, पण असू दे, राहू दे माझं नाव 😄
उलटी बहुतेकांना होते, दोन-तीन दिवसांत शरीर सरावतं. सिनारिझिन नावाची गोळी, आपल्याकडं स्टुजेरॉन म्हणून मेडिकलमध्ये मिळते, डॉक्टरांना विचारून घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते, आणि काहींना भयंकर झोप येते, म्हणून बोटीच्या आधी त्याच महाबळेश्वर एसटीत घेऊन बघा. खाली केबिनमध्ये मोबाईल बघत बसायचं नाही. मळमळायला लागलं की वर या आणि सुकाणू तुमच्या हातात घ्या, चालवणाऱ्याला कमी लागते.