मदत हवी आहे: तक्त्यात प्रत्येक ओळीला वेगळ्या हद्दीनुसार रंग कसा द्यायचा?

रवंथ:
रोजच्या दूध संकलनाचा तक्ता आहे. डावीकडे केंद्रं, वर तारखा, मध्ये दुधातल्या फॅटची टक्केवारी. फॅट कमी लागली की सेल लाल व्हायला हवा, बस. तीन रंगांचं कलर स्केल (आकड्यानुसार आपोआप रंग देणारी सोय) लावलं तर गाईच्या सगळ्या ओळी लाल आणि म्हशीच्या सगळ्या हिरव्यागार! साहेब विचारतात, "गाईचं दूध सगळंच नासकं का?" सकाळी मीटिंग आहे. व्हिडिओंच्या लिंका नकोत, सगळं बघून झालंय.

आकडेमोड:
एक्सेल, गूगल शीट्स की आणखी काही? आणि 'कमी' म्हणजे कितीच्या खाली?

रवंथ:
एक्सेलच हो. कमी म्हणजे नेहमीचंच, गाय ३.५ आणि म्हैस ६.

बाराखडी:
नेहमीचंच ते तुमचं, आम्ही पिशवीतलं पितो. गाय की म्हैस हे तक्त्यात कळतं कुठून? वेगळा कॉलम आहे का?

रवंथ:
वेगळा कशाला? केंद्राच्या नावातच आहे. 'खालची आळी गाय', 'खालची आळी म्हैस'.

विदाविहारी:
२ मिनिटांचं काम आहे, पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) घ्या. एक मेजर, म्हणजे तिथलं सूत्र, लिहायचं, त्यात सिलेक्टेडव्हॅल्यू फंक्शनने प्रकार ओळखून रंग परत करायचा, आणि बॅकग्राउंडला 'फील्ड व्हॅल्यू' निवडून ते मेजर द्यायचं. एक्सेलमध्ये किती दिवस रखडणार?

बाराखडी:
मीटिंग सकाळी आहे, पुढच्या तिमाहीत नाही.

आकडेमोड:
कलर स्केल निवडलेल्या सगळ्या सेलांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा धरून रंग वाटतं. म्हशीचे ७ आणि गाईचे ३.८ एकाच रांगेत बसवलेत, मग गाय तळाला जाणारच. शिवाय त्यात ओळीगणिक सरकणारा संदर्भ चालत नाही. ते आधी काढून टाका.

नावाच्या शेजारी बी कॉलम घाला, त्याला 'हद्द' म्हणा. माहिती चौथ्या ओळीपासून आहे असं धरतो. बी४ मध्ये =इफ(इझनंबर(सर्च("म्हैस",ए४)),६,३.५) आणि खाली ओढा. मग सी४ पासून शेवटपर्यंत सिलेक्ट करून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये न्यू रूल, फॉर्म्युला वापरायचा पर्याय, फॉरमॅटमध्ये लाल रंग, आणि सूत्राच्या जागी =सी४<$बी४. डॉलर फक्त बीच्या आधी, ४ च्या आधी नाही. सिलेक्शन सी४ पासून आणि सूत्रात सी२ असं झालं तर रंग दोन ओळी सरकून पडतात.

विदाविहारी:
जादा कॉलम कशाला? तो इफ रूलमध्येच टाका.

आकडेमोड:
आणि उद्या ३.५ चे ३.२ झाले की रूलच्या त्या चिंचोळ्या खिडकीत बोट घालून शोधा. हद्द डोळ्यांसमोर हवी. कॉलम नको असेल तर हाइड करा.

गोठेवाला:
नुसत्या फॅटवर काय लाल करता? गाईच्या दुधाला एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ च्या खाली गेली तरी दर कापतात. आणि सकाळ-संध्याकाळ एकत्र धरलंय का? संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागते. आमच्या केंद्रावर मशीनच नीट धूत नाहीत, त्याला कुठला रंग देणार?

निवांत:
हेडिंग वर अडकवून ठेवायचं असेल तर व्ह्यू मध्ये जाऊन फ्रीझ पेन्स करा.

बाराखडी:
हे कुणी विचारलं होतं?

रवंथ:
झालं! पण ज्या तारखांना संकलनच नव्हतं ते रिकामे सेलही लाल झालेत. आणि वरची आळी गाय ३.१ असून पांढरीच.

आकडेमोड:
रिकामा सेल शून्य धरला जातो. सूत्र असं करा: =अँड(सी४<>"",सी४<$बी४). आणि ते ३.१ सेलमध्ये डावीकडे चिकटलेलं आहे का?

रवंथ:
हो, डावीकडेच. मशीनच्या फाइलमधून पेस्ट केलेलं.

आकडेमोड:
मग तो आकडा नाही, मजकूर आहे. तुलनेत एक्सेल मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं, म्हणून तो कधीच लाल होणार नाही. एकेक कॉलम सिलेक्ट करून डेटा मधलं टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काही न बदलता सरळ फिनिश दाबा.

रवंथ:
झालं, लाल झाली. आता गोठेवाले म्हणतात तसं एसएनएफही याच सेलात दाखवता येईल का? साहेबांना आत्ताच सुचलंय.

बाराखडी:
प्रिंट काळी-पांढरी काढणार असाल तर लालसोबत अक्षरही ठळक करा, नाहीतर सगळं करडंच दिसेल.

विदाविहारी:
पॉवर बीआयमध्ये हे टूलटिपमध्ये, म्हणजे माउस नेला की उघडणाऱ्या चौकटीत, देता आलं असतं.